नानासाहेबाचा डावा कान

नानासाहेबानं आयुष्यात एकदाच बैल पारखून घेतला आणि तो एका डोळ्यानं आंधळा निघाला. खुरापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, दात मोजले, वशिंड दाबलं, बाजारात चार माणसं गोळा करून बैलाचे गुण सांगितले. डोळ्यात तेवढं बघायचं राहिलं. घरी आणल्यावर बैल जवा डाव्या अंगाच्या बाभळीला जाऊन थडकला, तवा हा म्हणला, औताला दोन बैल असत्यात, दोघांचे मिळून तीन डोळे पुष्कळ झाले. गाव हसलं. त्याला ती शाबासकी वाटली. तवापासून तो पारखी.

आमचं गाव करमाडच्या अलीकडं. तिथं त्यानं पुढं दूध पारखलं, आंबे पारखले, दुसऱ्याच्या पोराला दाखवलेल्या पोरी पारखल्या. दूध बोटानं, आंबा नाकानं, पोरगी बापाच्या चपलेवरून. चुकला की म्हणायचा, माल नंतर बिघडला. मग शेंद्र्याला कंपन्या आल्या, त्यात त्याचं रान गेलं, आणि त्यानं मुकुंदवाडीत दोन मजली घर बांधून खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. आता ना बैल राहिला ना दूध. पारखायला काय उरलं नाय म्हंजी असल्या माणसाच्या अंगाला खाज सुटती. नानासाहेब शौकीन झाला.

शौकीन झाला तो कसा, तर शहरात एका कव्वालीच्या कार्यक्रमाला पाहुण्यानं त्याला पुढच्या रांगेत बसवलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया व्हता, आणि म्हातारा डोळे मिटून डुलत व्हता. नानासाहेबाला गाणं कळलं नाय, फाया कळला. दुसऱ्या दिवशी तो शहागंजाकडं जाऊन अत्तराच्या तीन कुप्या घेऊन आला, आणि कापसाची वाटाण्याएवढी गोळी करून डाव्या कानाच्या घडीत घालायला लागला. आज मोगरा, मग खस, मग हिना. फाया पडला की नवा घालायचा. पडलेला कुठं पडला, हे त्यानं कवा बघितलं नाय. बैलाच्या डोळ्यावानीच.

मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला माझा ताडपत्री आणि सुतळीचा गाळा हाय. त्याला लागून गयासभाईचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गयासभाई म्हंजी बिघडलेला फोन हातात घेतला की आजारी माणसाशी बोलावं तसा त्याच्याशी बोलणारा माणूस. त्याची पोरगी अदीबा. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि बापाला म्हणली, मला अर्धं दुकान द्या, मी कानाचा माल विकते. गयासभाईनं अर्धं नाय, पाव दिलं. एक काउंटर, त्यावर एक खिळ्यांची फळी. वर अट घातली, दिवाळीपर्यंत चाललं तर तुझं. नाय चाललं तर तिथं तुझा चुलतभाऊ फरहान मोबाईलची कव्हरं विकणार. फरहान लगेच काउंटरचं माप बी घेऊन गेला.

गणपती बसले त्या आठवड्यात तिनं काउंटर मांडलं. आणि जे केलं ते या शहरात कोण्या दुकानदारानं केलेलं मी बघितलं नव्हतं. आपल्याकडं इअरफोन विकायची रीत कशी, तर पुडी पुढं टाकायची आणि म्हणायचं, ले लो, मस्त हाय. या पोरीनं स्वस्तातले बावीस प्रकारचे नग मागवले. कानाच्या भोकात बसणारे, ज्याला आता पोरं मॉनिटर म्हणत्यात, मंचावरचे गाणारे आपलाच आवाज ऐकायला घालत्यात तसे. कानावर बसणारे हेडफोन, अख्खा कान झाकणारे हेडफोन. आणि एकेकावर तिनं पाच गोष्टी मिनिटभर ऐकल्या: कव्वालीच्या टाळ्या, भजनातले टाळ, हलगी, एकट्या बाईचा आवाज आणि डीजे. ऐकून एका पुठ्ठ्यावर लिहिलं, वर मराठीत आणि खाली उर्दूत.

त्या पुठ्ठ्यावर काय व्हतं ते सांगतो, कारण पुढं ते चोरीला गेलं. भजनवाल्यानं चरचरीत आवाजाचं घेऊ नये, टाळ खिळ्यावानी घुसत्यात, त्यानं मऊ आवाजाचं घ्यावं. कव्वालीला आवाज पसरणारा पाहिजे, टाळ्या एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, मधी गाणारा. त्याला झाकणारा हेडफोन बरा, पण उन्हाळ्यात कान उकडतो. हलगीला पातळ खणखणीत, तिथं जाड ढब, म्हंजी बेस, नको, थाप दबती. बसमधी जाणाऱ्यानं कानात बसणारं घ्यावं, पण रबर आपल्या भोकाच्या मापाचं निवडावं. फट राहिली की ढब पळून जाती आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. डीजेवाल्यानं कायबी घ्यावं.

गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारायची, काय ऐकता, कुठं ऐकता. करमाडचे, फुलंब्रीचे, रोज शहरात येणारे लोक. पहिल्यांदा लाजायचे, मग बोलायचे. एका शिपायानं सांगितलं की तो बसमधी झोपायला इअरफोन घालतो, ऐकत काहीच नाय. तिनं त्याला नुसता कापूस घ्यायला सांगितलं. असा धंदा. मी बी एक घेतला. मला भारूड लागतं, तिनं मऊवाला दिला, चांगला वाजला.

नानासाहेब तिथं पहिल्याच आठवड्यात आला. रोज संध्याकाळी यायचा, स्टूल ओढायचा, सगळे नग कानात घालून बघायचा. घेतला एकबी नाय. आंब्याच्या गाडीवर फोडी चाखत हिंडणारी माणसं असत्यात ना, तसा. पुठ्ठा त्यानं दोनदा वाचला आणि घरी जाऊन गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, जणू काय बावीस नग त्यानंच ऐकले. ग्रुपवर दोनशे माणसं. पण पुठ्ठ्यावरचं जसंच्या तसं सांगंल तर तो नानासाहेब कसला. त्यानं त्यात आपली अक्कल मिसळली. अदीबा गाणं बघून नग सांगायची, हा माणूस बघून सांगायला लागला. कुणी विचारलं, नाना, मला कोणचा घ्यावा, की हा म्हणायचा, तुला रान किती? दोन एकरवाल्याला फुटपाथवरचा. दहावाल्याला मॉनिटर. झाकणारा हेडफोन फक्त पक्क्या गाण्याच्या माणसाला, म्हंजी त्याला. भूमिहीनाला म्हणला, तू फोनच कानाला लाव. आणि लोक ऐकत व्हते. त्याचा मला जास्त राग. माणूस मूर्ख असला तर त्याची एकट्याची अडचण. त्याला विचारायला जाणारे दोनशे असले की ती गावाची अडचण होती.

मग दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात तो कानातनं मॉनिटर काढून म्हणला, डावीकडनं कमी वाजतंय. अदीबानं दुसरा दिला. तो बी कमी. तिसरा, चौथा, तेच. तिनं स्वतः घालून बघितला, बरोबर व्हता. तिनं सांगितलं, काका, नग चांगला हाय, रबर बदलून बघा. तो हसला. पोरीच्या जातीला ढब काय कळती, असं काहीतरी गयासभाईला म्हणला. गयासभाई हातातल्या फोनशी बोलत राहिला.

दर आठवड्याला डावी बाजू अजून बारीक. झाकणारा हेडफोन घातला, तिथं बी डावी बाजू बारीक. शेवटी त्यानं निकाल दिला. मोठा मेसेज, साडेचार मिनिटांचा. गयासच्या दुकानातला सगळा माल कंपनीनं नापास केलेला हाय, निळ्या ठिपक्याची, म्हंजी डावी, बाजू मुकी हाय, आपण बैल पारखलेला माणूस हाय, आपल्या कानाला फसवता येत नाय, ज्यानं ज्यानं घेतला त्यानं परत करावा.

आता खरी गंमत ऐका. त्या मेसेजनंतर चार दिसांत अकरा माणसांनी नग परत आणले. महिनाभर वापरलेले, एका शब्दाची तक्रार नसलेले. सगळ्यांना एकाच दिवशी डावी बाजू बारीक ऐकू यायला लागली. एक तर असा निघाला की त्याचा नग निळ्या ठिपक्याचा नव्हताच, तरी म्हणला, मुका हाय. आणि मी कशाला खोटं बोलू, त्या दिवशी घरी जाऊन मी बी माझा नग घातला आणि मला बी निळी बाजू जरा बसल्यासारखी वाटली. दोनदा काढून घातला, तरी वाटली. माझा गाळा शेजारी, रोज तोंड दाखवायचं, म्हणून परत द्यायला गेलो नाय. एवढंच माझं शहाणपण.

अदीबानं अकराच्या अकरा नग घेतले, पुसले, डबीत ठेवले. फळीवरचं गिऱ्हाईक तुटलं. दसरा पाच दिसांवर आलेला, दिवाळी त्यापुढं वीस. फरहान येऊन कव्हरांचा एक खोका ठेवून गेला, म्हणला, इथंच राहू दे, परत परत आणायला नको. त्या दिवशी पोरीनं पुठ्ठा काढून उलटा ठेवला. मी विचारलं तर म्हणली, ऊन लागतं त्याला. तिथं ऊन येत नाय.

नानासाहेबाचं एवढ्यानं भागलं नाय. रविवारी सकाळी तो गावातली पाच माणसं घेऊन दुकानावर आला. मागं त्याची बायको यमुनाबाई, तिला दसऱ्याचं लुगडं घ्यायला गुलमंडीला जायचं व्हतं, वाटंत हा इथं थांबला. तिची चिडचिड तिच्या पिशवीच्या हिसक्यांवरनंच दिसत व्हती. नानासाहेबानं स्टूल ओढलं आणि मागणी सांगितली. अदीबानं फळीवर लिहावं, माल खराब आहे. मोठ्या अक्षरात. लोकांचं भलं व्हावं म्हणून तो हे मागत व्हता. असली माणसं स्वतःसाठी कवाच काय मागत नायत.

गयासभाई उठला. हात जोडून म्हणला, नानासाहेब, जाने दो, लिखने का नक्को, माल मागं पाठवतो. मला वाटलं, झालं, काउंटर गेलं. पण पोरगी बापाच्या पुढं झाली.

"लिहिते काका," ती म्हणली. "पाच माणसांसमोर एकदा ऐकून दाखवा. मुका निघाला तर मीच लिहिते, आणि फळी बी उतरवते."

नानासाहेबाला अजून काय पाहिजे. त्यानं डोळे मिटले, त्या म्हाताऱ्यावानी. तिनं मॉनिटर त्याच्या कानात घालून कव्वाली लावली. तो मान हलवून म्हणला, निळं मुकं. पाच माणसांनी माना हलवल्या, त्यांच्या कानात काय नसताना.

मग तिनं त्याला सांगून दोन्ही बाजू काढल्या आणि अदलाबदल करून घातल्या. निळा ठिपका उजव्या कानात, लाल ठिपका डाव्या कानात. गाणं तेच.

"आता कोणचं मुकं?"

नानासाहेब डोळे मिटूनच म्हणला, "हे बी. लाल बी मुकं निघालं."

"आणि निळं?"

"निळं वाजतंय की."

तो बोलून गेला. पाच माणसांत एक शाळेतला मास्तर व्हता, त्याचं तोंड आधी बदललं. मग बाकीच्यांचं. नानासाहेबाचं सगळ्यात शेवटी.

तो लगेच म्हणला, फोनमधी बिघाड असंल. अदीबानं फोन बदलला. तो म्हणला, गाणंच तसं भरलं असंल. तिनं भजन लावलं, हलगी लावली. मग म्हणला, हवा दमट हाय. तिनं शेवटी गाणं बंद केलं, डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, काका, चहा घेता का? तो सरळ समोर बघत बसला. यमुनाबाई म्हणली, "महिना झाला, मी डाव्या अंगानं बोललेलं ह्यांना ऐकू येत नाय. मला वाटलं नेहमीचंच हाय."

पाचातला एक हसला. अदीबा हसली नाय. तिनं फोनचा टॉर्च लावून त्याच्या कानात बघितलं, आणि विचारलं की काका, आत कापूस कशाला घातलाय.

नानासाहेब म्हणला, तो फाया हाय, शौकाची गोष्ट हाय, तुला कळायची नाय, आणि तो वरच्या घडीत असतो. हात लावून दाखवला बी, वर एक फाया व्हताच. ती म्हणली, वरचा नाय, आतला.

तो डॉक्टरकडं जाऊ म्हणत व्हता. पण यमुनाबाईला गुलमंडी गाठायची व्हती. तिनं गयासभाईच्या टेबलावरचा बारीक वाकडा चिमटा उचलला, नवऱ्याचं डोकं काखेत धरलं, जसं वासराला औषध पाजताना धरत्यात, आणि ओढलं. एक गोळी निघाली. ती टेबलावर ठेवली, परत ओढलं. दुसरी निघाली. पाच माणसं पुढं सरकली. तिसरी लई खोल व्हती, तिला वेळ लागला, पण यमुनाबाईनं आयुष्यात काटे लई काढलेत, तिचा हात हलला नाय.

गयासभाईनं चष्मा वर केला, तिन्ही गोळ्या एकेक करून नाकाला लावल्या. "ये हिना, परवाचा," तो म्हणला. "ये खस. और ये सबसे अंदर का मोगरा. गणपतीतला. तवा माझं अख्खं दुकान मोगऱ्यानं भरलं व्हतं, ध्यानात हाय मला."

म्हंजी झालं व्हतं असं. फाया घडीत, आणि त्यावरनं मॉनिटर दाबून कानात. मॉनिटर आत जाताना फाया पुढं लोटायचा. काढल्यावर हा वर हात लावून बघायचा, फाया नाय, म्हणायचा पडला, आणि नवा घालायचा. मग त्याला बी आत लोटायचा. बंदुकीत दारू ठासतात तसा हा माणूस आपल्याच कानात अत्तर ठासत बसला व्हता आणि बाहेर येऊन माल खराब म्हणून ओरडत व्हता.

कान मोकळा झाला तसा तो दचकून रस्त्याकडं बघायला लागला. स्टेशनात गाडी शिट्टी मारत व्हती. रोज मारती.

अदीबानं तेवढ्यात तोच नग परत त्याच्या कानात घातला. दोन्हीकडनं वाजला. हे त्याच्या तोंडावर दिसलं, त्याला लपवता आलं नाय. ती म्हणली, "माफी नको काका. ग्रुपवर एवढंच सांगा, की माल चांगला व्हता."

तो व्हय म्हणला. पाच माणसांदेखत म्हणला. बायको त्याला धरून गुलमंडीला घेऊन गेली.

मेसेज संध्याकाळी आला. मी गाळ्यात बसून ऐकला. माणूस व्हय म्हणला की त्यानं केलं, असं आमच्याकडं मानत्यात. नानासाहेब तिथं बी तिरपा. म्हणला, आपण स्वतः दुकानावर जाऊन बसलो, पाच पंच घेऊन गेलो, आणि आपल्या सांगण्यावरनं मालात सुधारणा झालेली हाय. आता दोन्ही बाजू वाजतात. आपण स्वतःच्या कानानं खात्री केली. निळ्या ठिपक्यावाल्यांनी बिनघोर घ्यावा. कापसाचा, चिमट्याचा, मोगऱ्याचा एक शब्द नाय. आणि ते पाच पंच? पाचांनी खाली अंगठे दिले. मास्तरानं बी दिला. एकाच्या तोंडातनं खरं निघालं नाय, कारण खरं सांगायचं तर आपण बी मान हलवली व्हती, हे सांगावं लागलं असतं.

मी फोन घेऊन अदीबाकडं गेलो. म्हणलं, मी लिहितो ग्रुपवर, काय झालं ते. तिनं मेसेज दोनदा ऐकला. गयासभाई म्हणत व्हता, रहने दो बेटा, झगडा नक्को. ती त्याच्यासाठी गप बसली असं वाटत नाय. ती हिशोबी पोरगी हाय. तिनं डबी उघडली, परत आलेले अकरा नग बाहेर काढले आणि फळीवर पुढच्या खिळ्यांना लावले.

दुसऱ्या दिवशी लोक यायला लागले. नानासाहेबानं सुधारून घेतलेला माल पाहिजे म्हणाले. तिनं अकरा जणांना अकरा नग परत दिले, ज्याचा त्याला. नव्या रबरासकट. तिथंच कानात घालून बघा म्हणायची. ते घालायचे आणि त्यांची तोंडं उजळायची. आता कसा दोन्हीकडनं वाजतोय, आधी कसा मुका व्हता, ऐकावंसं वाटतंय आता. ज्याचा नग निळ्या ठिपक्याचा नव्हता तो बी म्हणला, फरक हाय. ती म्हणायची, हाय ना. तोंडावर एक सुरकुती नाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बावीसातले चौदा प्रकार संपले आणि तिनं नवीन मागवले. फरहान आपला खोका घेऊन गेला. गयासभाईनं काउंटरवर दुसरा बल्ब लावून दिला.

पुठ्ठा परत सुलटा झाला. त्याच्या खाली तिनं एक ओळ वाढवली, मराठीत आणि उर्दूत: आधी कान दाखवा, मग ऐका. उजेडाची एक बॅटरी दोरीनं फळीलाच बांधली.

माझा नग मला त्या दिवसापासून परत बरोबर ऐकू येतो. कसा बिघडला व्हता आणि कसा सुधारला, हे मी कुणाला सांगितलेलं नाय.

दसऱ्याला नानासाहेब सोनं द्यायला आला. नवा पांढरा शर्ट, हातात आपट्याची पानं. गयासभाईला दिली, मला दिली, अदीबाला दिली आणि स्टूल ओढलं. म्हणला, नवा माल आलाय म्हणं, बघू दे. तिनं बोटानं पुठ्ठ्याची खालची ओळ दाखवली. त्यानं वाचली. म्हणला, हे बरं केलंस पोरी, लोकांचे कान लई घाण असत्यात, मी ग्रुपवर सांगतो. बॅटरी घेऊन तिनं त्याचा डावा कान बघितला. साफ व्हता, घडीसुद्धा रिकामी. मग कुणाचा तरी फोन आला, तो उजव्या कानाला फोन लावून बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेला.

तो माझ्या समोरच उभा व्हता. फोन कानाला घट्ट दाबलेला. आणि फोनाच्या कडेनं, उजव्या कानाच्या घडीत, हिनाचा फाया.

"काय? मोठ्यानं बोल," तो फोनवर म्हणत व्हता. "तुझा फोन खराब झालाय."

मी सुतळी गुंडाळत बसलो.